कापण्याआधीचा आवाज

बेबी हाडवळे यांना कचरा चोरताना पकडलं, तेव्हा त्यांच्या नोकरीला अकरा वर्षं झाली होती. चोरलेला माल चार किलो भरला.

कचरा म्हणजे काकडीच्या बगलफुटी. आळेफाट्याच्या पुढं ‘हरितधन अ‍ॅग्रो’ची सात पॉलिहाऊसं होती आणि तिथं बत्तीस बाया काकडीला वळण लावायचं काम करत. पॉलिहाऊसमध्ये काकडीची वेल एका खोडानं, एका सुतळीवर, सरळ वर चढवतात. वेलीचा स्वतःचा बेत वेगळा असतो. ती प्रत्येक पानाच्या बेचक्यातून बाजूला फांदी काढते, तणावे सोडते, शेजारणीच्या गळ्यात पडते. हे सगळं बोटभर असतानाच चिमटीनं मोडायचं. पहिल्या पाच पेरांवरची फुलं आणि इवल्या काकड्यासुद्धा काढून टाकायच्या, म्हणजे वेल अंगानं भरते. मग शेंडा सुतळीला पीळ देऊन वर लावायचा. वेलीनं वर जायचं, बाकी हौस करायची नाही. आणि कुठल्या बाईनं दिवसभरात किती काम केलं हे ठरवायची कंपनीची रीत अशी, की संध्याकाळी तिच्या क्रेटमधला कचरा काट्यावर ठेवायचा.

त्या वर्षी बेबीताईंचं क्रेट हलकं येऊ लागलं. आधी निम्मं, मग पाव, मग तळाला चार पानं. मुकादमानं दोनदा समज दिली. म्हणून तिसऱ्या आठवड्यात त्यांनी कांताच्या क्रेटमधून चार किलो बगलफुटी आपल्या क्रेटमध्ये ओतल्या. कांता त्यांची शेजारीण, भाऊबंद आणि वैरीण अशी तिन्ही होती, त्यामुळे गोष्ट लगेच मॅनेजरपर्यंत गेली.

मॅनेजर औटीसाहेबांनी विचारलं की कचरा कुणी चोरतं का. बेबीताई म्हणाल्या की वेलींना फुटवाच येईना, आता रिकामं क्रेट घेऊन काट्यापुढं कसं उभं राहायचं. औटीसाहेबांना वाटलं रोग पडला. त्यांनी कंपनीच्या शास्त्रज्ञ निखत सय्यद यांना बोलावलं. निखत मॅडम तीस वर्षांच्या, पायात पांढरे बूट, बोलताना समोरच्यापेक्षा त्याच्या मागच्या झाडाकडं जास्त पाहणाऱ्या. पानापानांवर टिकलीएवढे सेन्सर लावून किडीची चाहूल घ्यायची हे त्यांचं काम. त्या तीन दिवस बेबीताईंच्या ओळीत स्टूल टाकून बसल्या.

तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, “ताई, ही ऋतुजा कोण?”

बेबीताई म्हणाल्या, “कुणी नाही.”

ऋतुजा ही बेबीताईंची एकुलती एक मुलगी. तिला त्यांनी चांगलं वळण लावलं होतं. सहावीत कबड्डी बंद केली, आठवीत मैत्रिणींकडं मुक्कामाला जाणं बंद केलं, बारावीनंतर नाशिकला नर्सिंगला निघाली होती ती बॅग उतरवली. प्रत्येक गोष्ट बोटभर असतानाच. मुलगी अंगानं भरली, सरळ झाली, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मग चोविसाव्या वर्षी तिनं शिरोळकडच्या मयूर नावाच्या पंप दुरुस्त करणाऱ्या मुलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं आणि तिथून फोन केला. बेबीताई फोनवर एकच वाक्य बोलल्या, “मला मुलगी नव्हतीच असं समज.” ऋतुजानं आयुष्यभर आईचं ऐकलं होतं, तेव्हाही ऐकलं. चार वर्षं फोन आला नाही.

त्या फोनच्या दुसऱ्या दिवसापासून बेबीताई वेलींशी बोलायला लागल्या. घरी बोलायला नवरा होता, पण लग्नाच्या अकराव्या वर्षी त्याला कमी ऐकू येऊ लागलं होतं. कानाच्या डॉक्टरांना कानात काही सापडलं नव्हतं. वेलींना निदान पानं तरी होती. बगलफूट दिसली की बेबीताई म्हणायच्या, “ऋतुजा. कुठं निघालीस गं? काय कमी केलंय तुला?” आणि चिमटीनं मोडायच्या. दिवसाला हजारभर वेळा.

निखत मॅडमनी औटीसाहेबांच्या केबिनमध्ये सगळं समजावून सांगितलं. झाडाला कान नसतात, पण पानावर बारीक लव असते आणि आवाज म्हणजे शेवटी थरथर. अळीनं पान कुरतडल्याची थरथर आणि वाऱ्याची थरथर यांतला फरक काही झाडांना कळतो, हे जुनंच आहे. कंपनीची ही नवी जात त्याच्या पुढं गेली होती. आधी एक ठरावीक थरथर आणि लगेच मागून इजा, असं पुन्हा पुन्हा झालं की ती दोन्हींची गाठ मारून ठेवत होती. मग थरथर जाणवली की इजेची वाट न पाहता शेंड्याकडून खाली रसायनाचा निरोप जायचा, बेचक्यातल्या कळीनं झोपून राहायचं. कापण्याआधीच वेल स्वतःला आवरायची.

औटीसाहेबांनी विचारलं, म्हणजे काकडीला मराठी कळते का.

“मराठी नाही कळत, सर. शब्द कुठलेही चालले असते. हे बघा,” म्हणून त्यांनी पडद्यावर एक रेघ दाखवली. रेघ सरळ येत होती आणि ‘ऋतुजा’च्या पहिल्या अक्षरावर तिला बारीक चीर गेली होती. “वेल याला घाबरते. ही चीर दुसऱ्या कुणाच्या आवाजात नाही.”

आणखी एक गोष्ट होती. शिकलेल्या वेलीचे शेंडे कापून रोपं केली, तर त्यांनाही आपोआप आठवण राहत होती, एक हंगामभर. निखत मॅडम म्हणाल्या की पुस्तकातला मजकूर बदलत नाही, कुठल्या ओळीखाली रेघ मारलीय तेवढं सोबत जातं. म्हणजे कुणीतरी दरवर्षी नव्वद दिवस मातृवेलींना शिकवायचं, त्यांची लाखो रोपं करायची, आणि जो शेतकरी रोपं घेईल त्याच्या पॉलिहाऊसमध्ये सकाळी स्पीकरवरून आवाज सोडायचा. बायांची गरज नाही. शिकवताना मात्र आवाज आणि चिमूट एकाच माणसाची लागत होती. यंत्राच्या हातानं करून पाहिलं, तर वेलींनी यंत्राला जुमानलं नाही.

औटीसाहेबांनी वहीत काही आकडे मांडले. मग त्यांनी बेबीताईंना चहा मागवला. अकरा वर्षांत पहिला.

करारात लिहिलं होतं की सदर आवाज ‘त्यातील सर्व भावनांसह’ कंपनीच्या मालकीचा राहील. बेबीताईंनी सही केली. त्यांच्या भावनांना याआधी कुणी मालक मागितला नव्हता. त्यांना ‘वेलप्रशिक्षक’ असं पद मिळालं आणि बसायला खुर्ची मिळाली. त्या महिन्याअखेरीस बाकीच्या एकतीस बाया घरी गेल्या. कांता जाताना म्हणाली, “जिभेला हाड नसतं म्हणतात बेबे. तुझ्या जिभेला तर आता कंपनी आहे.” गावात हळदीकुंकवाची बोलावणी थांबली. बेबीताईंनी मनाला लावून घेतलं नाही, निदान तसं त्या नवऱ्याला सांगायच्या आणि तो मान हलवायचा.

श्रावण संपता संपता ऋतुजाचा फोन आला.

चार वर्षांनी ती काय बोलेल याची बेबीताईंनी मनात पुष्कळ तयारी करून ठेवली होती. त्या तयारीतलं काहीच कामी आलं नाही. ऋतुजाच्या सासऱ्यांनी अर्ध्या एकरात पॉलिहाऊस टाकलं होतं. कंपनीची रोपं आली, स्पीकर आला. पहिल्या सकाळी सगळं घर उदबत्ती लावून उभं होतं, नारळ फुटला, सासऱ्यांनी बटण दाबलं आणि अर्ध्या एकरातून बेबीताई म्हणाल्या, “ऋतुजा. कुठं निघालीस गं?”

सासरे रीतीभातीचे. त्यांनी टोपी सारखी केली आणि स्पीकरला हात जोडले. नमस्कार, विहीणबाई. तेव्हापासून ते रोज जोडतात. गावातली पोरं ऋतुजा दिसली की मागून ओरडतात, काय कमी केलंय तुला.

“मी सकाळी चहाचा कप घेऊन उभी असते आई,” ऋतुजा म्हणाली, “आणि तू सुरू होतेस. तीन तास. मला पाचवा महिना आहे. माझं नाव तेवढं काढ त्यातून. बाकी काही मागत नाही.”

बेबीताईंना पाचव्या महिन्याचं विचारायचं होतं. त्यांनी विचारलं, “आधी का नाही सांगितलंस?”

ऋतुजा म्हणाली, “चुकलं.” आणि फोन ठेवला.

बेबीताई निखत मॅडमकडं गेल्या. नाव बदलता येईल का. मॅडम म्हणाल्या, करून बघू. आठवडाभर मातृवेलींच्या कोपऱ्यात प्रयोग चालला. ‘उर्मिला, कुठं निघालीस’ म्हणून पाहिलं. ‘काकडीबाई’ म्हणून पाहिलं. औटीसाहेबांनी हौसेनं सुचवलं म्हणून प्रतिस्पर्धी कंपनीच्या मालकाचंही नाव घेऊन पाहिलं. वेलींनी प्रत्येक पेरावर फांदी काढली. पडद्यावरची रेघ गुळगुळीत होती, चीर कुठंच नव्हती. एकदा बेबीताई उर्मिलेला रागवायला गेल्या आणि मध्येच हसल्या. त्या वेलीला तणावे इतके आले की तिनं स्टूल धरून ठेवलं.

स्पीकरमधल्या आवाजातून नाव कापून टाकलं तरी वेली फुटत होत्या. त्यांना नेमकं तेच अक्षर हवं होतं. कंपनीच्या वकिलानंही कळवलं की करारात भावना आल्यात, भावनेत नाव येतं.

औटीसाहेबांनी बेबीताईंना बाजूला घेऊन प्रेमानं सांगितलं की मुलीबाळींचं घाईनं काही ठरवू नये. भेटी-बिटी जरा हंगाम झाल्यावर ठेवाव्यात. आवाजाला ते बरं. बेबीताईंना पहिल्यांदा कळलं, की आपलं मुलीशी पटू नये यात आता चारशे पॉलिहाऊसांचं हित आहे.

कार्तिकात ऋतुजाच्या सासरहून डोहाळजेवणाचं बोलावणं आलं. सासऱ्यांनी स्वतः फोन केला होता. म्हणाले, रोज तुमचा आवाज ऐकतो, एकदा दर्शन पण द्या की.

बेबीताईंनी हिरवी साडी घेतली, चांदीचा करदोटा घेतला आणि करंज्या केल्या. ऋतुजाला लहानपणी करंज्या आवडायच्या. दोन खाल्ल्या की बेबीताई तिसरी डब्यात ठेवायच्या. एसटीत त्यांनी मनाशी ठरवलं, आज काही बोलायचं नाही. आज तिला पोटभर बघायचं.

ऋतुजा पाटावर बसली होती, फुलांच्या वाडीत. गाल वर आले होते. ती आईच्या पाया पडली, आईनं पाठीवर हात ठेवला. दोघींनाही पुढं काय करायचं माहीत नव्हतं म्हणून तो हात जरा जास्त वेळ राहिला. बायांनी गाणी म्हटली. मयूर दारात उभा राहून लाजत होता. सगळं इतकं नीट चाललं होतं, की बेबीताईंना आपण उगाच घाबरलो असं वाटलं.

मग ताट आलं. ऋतुजानं एक करंजी खाल्ली, दुसरी खाल्ली. तिसरीकडं हात गेला. बेबीताईंच्या मनात आलं, खाऊ दे, चार खाऊ दे. त्यांना म्हणायचं होतं, अजून घे गं, तुझ्यासाठीच केल्यात.

“ऋतुजा,” त्या म्हणाल्या.

हात थांबला. मागं आला आणि मांडीवर गेला. पाठ ताठ झाली, हनुवटी वर आली, नजर समोरच्या भिंतीवर. ताटाभोवतीच्या बाया हसत होत्या, कुणाला काही दिसलं नाही. अर्ध्या सेकंदाचं काम. अकरा वर्षं काकडीच्या ओळीत उभं राहिलेल्या माणसालाच ते दिसलं असतं.

पुढचं वाक्य बेबीताईंनी म्हटलं. अजून घे, म्हणाल्या. ऋतुजा म्हणाली, नको, बास. आणि खरंच तिला नको होतं.

परतीच्या एसटीत बेबीताईंनी नवऱ्याला फोन लावला. तो हॅलो हॅलो करत राहिला. त्यांनी ठेवून दिला. त्याला मोठ्यानं बोलून बघावं असं त्यांना कितीतरी वर्षांनी सुचलं, आणि हळू बोलून बघावं हेही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी निखत मॅडमना विचारलं, “मॅडम, वेल हे विसरती कशी?”

निखत मॅडमनी या वेळी झाडाकडं न पाहता त्यांच्याकडं पाहिलं. सोपं आहे, म्हणाल्या. आवाज करायचा आणि कापायचं नाही. रोज. वेलीला वाटतं आता मोडणार, आता मोडणार, आणि कुणी मोडत नाही. साधारण चाळीस दिवसांत गाठ सुटते. मधे एकदा जरी चुकून चिमूट लागली, तर पुन्हा पहिल्यापासून. उलट जास्त घट्ट बसते, कारण वेल धरून चालते की मध्ये आपल्याला फसवत होते.

“चाळीस,” बेबीताई म्हणाल्या.

“वेलीला,” निखत मॅडम म्हणाल्या. कशासाठी हवंय हे त्यांनी विचारलं नाही. त्या दिवसापासून मातृवेलींच्या सेन्सरचा अहवाल औटीसाहेबांकडं उशिरा जायला लागला, एवढं मात्र झालं.

बेबीताई रोज सकाळी मातृवेलींत उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, “ऋतुजा. कुठं निघालीस गं?” आणि हात मागं बांधून घ्यायच्या. आठ दिवस वेली शहाण्यासारख्या उभ्या होत्या. बाराव्या दिवशी एका बेचक्यात हिरवा टिपका आला. विसाव्या दिवशी बगलफुटी हातभर झाल्या. तणावे सुतळी सोडून एकमेकींत गेले, ठिबकच्या नळ्या वर उचलल्या गेल्या, सूचनांच्या पाटीभोवती तीन वेढे बसले. काकड्या नांगरासारख्या वाकड्या आल्या. बेबीताईंनी अकरा वर्षांत वेल कधी पाहिलीच नव्हती, असं त्यांना वाटलं.

आणि ओळ संपली की त्या फोन लावायच्या.

“ऋतुजा.”

“हं. काय चुकलं?”

“काही नाही. सहज.”

पहिले कित्येक दिवस फोन एवढाच होता. त्या फक्त नाव घ्यायच्या. चीर आवाजात असायचीच, ती काही काढता येत नव्हती. नावानंतर मात्र काही मोडायचं नाही, एवढंच पाळायचं. ऋतुजा श्वास धरायची तो फोनवर ऐकू यायचा. बेबीताई थांबायच्या. मग पलीकडून श्वास सुटायचा. वीस दिवसांनी ती स्वतःहून दोन वाक्यं बोलू लागली. पाय सुजतात. मयूरनं पाळणा आणलाय.

सव्विसाव्या दिवशी ती म्हणाली, बाळंतपण इकडंच करायचं ठरवलंय, आणि बाळ वर्षाचं झालं की नर्सिंगचा कोर्स बघणार आहे. बेबीताई म्हणाल्या, “आता या वयात?”

दोनच शब्द मुद्द्याचे होते. पलीकडं पुन्हा श्वास धरल्याचा आवाज आला. ऋतुजा म्हणाली, नाही, असंच बोलले. बेबीताईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर सव्वीस खुणा केल्या होत्या. त्या सगळ्या खोडल्या आणि पुढच्या दिवसावर एकचा आकडा लिहिला.

मातृवेलींचे चाळीस दिवस मात्र मधे खंड न पडता पुरे झाले. त्या दिवशी औटीसाहेब पाहुण्यांना घेऊन पॉलिहाऊस दाखवायला आले आणि दार उघडेना. आतून वेलींनी कडी धरली होती. चौकशी झाली, पुढच्या हंगामाची लाखो रोपं गेली हे कळलं, बेबीताईंना काढलं. आवाज कंपनीकडंच राहिला. या हंगामाच्या वेली जुन्या शिकवणीतल्या होत्या, त्यामुळे चारशे पॉलिहाऊसांत स्पीकर चालूच राहिले. शिरोळकडच्या अर्ध्या एकरातही. मातृवेली साफ करायला कंपनीनं पुन्हा बाया बोलावल्या आणि संध्याकाळी काट्यावर क्रेटं मांडली गेली. पहिल्याच दिवशी कांताचा कचरा नव्वद किलो भरला. ती येता-जाता बेबीताईंच्या दारावरून जायची, पण आत आली नाही. बेबीताईंचीही अपेक्षा नव्हती.

फोन चालू राहिले. पौषात ऋतुजाला मुलगी झाली. मयूरनं कळवलं, दोघी बऱ्या आहेत. बेबीताईंनी त्या दिवशीही ठरल्याप्रमाणे नाव घेतलं आणि फक्त ऐकलं. नाव काय ठेवणार विचारलं नाही. दवाखाना कुठला विचारलं नाही. पोटात प्रश्न इतके साठले होते की जेवण कमी झालं.

चाळिसाव्या दिवशी फोन लावला, तेव्हा मुलगी सहा दिवसांची होती आणि मागं टाहो फोडत होती. सगळं घर गोळा झालेलं ऐकू येत होतं. सासरे खुळखुळा वाजवत होते, कुणी टाळ्या वाजवत होतं. ऋतुजानं फोन स्पीकरवर टाकला असावा.

“ऋतुजा,” बेबीताई म्हणाल्या.

त्यांनी कान दिला. श्वास धरल्याचा आवाज आला नाही. काय चुकलं, असं कुणी विचारलं नाही. ऋतुजा हसत होती. चार वर्षांत, कदाचित त्याच्याही आधीपासून, बेबीताईंनी ते हसणं ऐकलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी कॅलेंडरच्या खिळ्याला धरलं.

“आई,” ऋतुजा म्हणाली, “अगं, तासभर रडतीय, कुणाला आवरेना. तुझा आवाज आला आणि बघ कशी टक्क गप्प झाली. मुठी आवळून, ताठ. हललीसुद्धा नाही.”

मागून सासऱ्यांचा कौतुकानं भरलेला आवाज आला, की पोटात असल्यापासून रोज तीन तास ऐकलंय, आजीला ओळखणार नाही होय.

“अजून एकदा बोल ना आई,” ऋतुजा म्हणाली. “फोन तिच्या कानाशी धरते.”